सांध्यापुरतं औषध

दुखणं मनगटात आणि गोळी पोटात. आमवाताच्या उपचारातली ही जुनी अडचण. पोटातून रक्तात, रक्तातून यकृत, मूत्रपिंड, अस्थिमज्जा असं सगळं शरीर हिंडून झाल्यावर औषधाचा थोडासा अंश सुजलेल्या सांध्यापर्यंत पोहोचतो. ज्या अवयवांचा या दुखण्याशी संबंध नाही, त्यांनाही त्या औषधाचा ताप सोसावा लागतो. म्हणून गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं डॉक्टर आणि औषधशास्त्रज्ञ एका प्रश्नाच्या मागे लागले आहेत: औषध थेट सांध्यात नेऊन ठेवता येईल का, आणि ठेवलं तर ते तिथे टिकेल का?

या प्रश्नावर फिलाडेल्फियात काम झालं, व्हिएन्नात झालं, मुंबईच्या ट्रॉम्बेत झालं, अलीकडे बोस्टनमध्ये होतं आहे. त्यातून निघालेली उत्तरं आपल्या कामाची किती, हे बघायचं तर गोंदियासारख्या जिल्ह्यात येऊन बघावं. इथे पोट हातावर आहे, आणि एकाच सुजलेल्या सांध्यामागे चार वेगळे आजार दडलेले असू शकतात.

हातावरचं पोट

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आणि भातगिरण्यांचा. पावसाने जोर धरला की पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि चिखलात वाकून रोवणी करायची, हे काम मुख्यतः बायांचं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफुलं. उरलेल्या वेळात अनेक घरांत बिडी वळणं. पऱ्ह्याची काडी चिखलात खोचताना अंगठा आणि पहिली दोन बोटं राबतात, बिडी वळतानाही तीच.

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार, नेमका इथेच घर करतो. बोटांची मुळं, बोटांचे मधले सांधे आणि मनगटं, तीही बहुधा दोन्ही हातांची. नखाजवळचे सांधे तो सहसा सोडून देतो. पुरुषांपेक्षा बायांना दोन ते तीन पट अधिक होतो आणि ऐन कामाच्या वयात, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, पुष्कळदा सुरू होतो. सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ मूठ वळत नाही. उतारवयात गुडघे झिजून येणाऱ्या दुखण्यात हा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटतो. दोन्ही दुखण्यांना गावात ‘वात’ किंवा ‘गठिया’ म्हणून मोकळे होतात, पण एकात हाड आणि कूर्चा झिजलेली असते, तर दुसऱ्यात शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडलेली असते.

ग्रामीण महाराष्ट्रात हा आजार किती आहे, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने दिलं. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली तिथे घरोघरी जाऊन पाहणी केली. 4,092 प्रौढांपैकी 746 जणांना, म्हणजे 18 टक्क्यांहून अधिक लोकांना, सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. आमवाताचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का होतं, दर दोनशे प्रौढांत एक. 2011 च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या 13 लाख 22 हजार. भिगवणचा दर इथे लावला तर चार हजारांच्या वर माणसं या आजाराची निघतील. हा नुसता हिशेब आहे, मोजणी नव्हे. तरी एका जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीला पुरून उरेल एवढा हा आकडा आहे.

सांध्याच्या आत

निरोगी सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, एक-दोन पेशींच्या जाडीचं. ते वंगण तयार करतं. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातही हे वंगण चमचाभरापेक्षा कमी असतं. आमवातात हे अस्तर जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पांढऱ्या पेशी गर्दी करतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 यांसारखी दाहक द्रव्यं सोडतात. जाडावलेलं अस्तर कूर्चेवर चढतं आणि कडेचं हाड कुरतडू लागतं. या नुकसानीचा मोठा भाग पहिल्या दोन वर्षांतच होऊन जातो. बोटं एकदा वाकडी झाली की कोणतंही औषध ती सरळ करत नाही.

औषध थेट सांध्यात सोडण्याची कल्पना सुचायला एक यश आणि त्यामागोमाग आलेली निराशा कारणीभूत ठरली. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 मध्ये हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती. चेहरा गोल सुजणं, साखर आणि रक्तदाब वाढणं, हाडं ठिसूळ होणं, जंतुसंसर्ग. पोटातून किंवा दंडातून दिलेलं स्टिरॉइड सगळ्या शरीराकडून किंमत वसूल करत होतं. 1951 मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सांध्यात देण्याच्या उपचाराची खरी सुरुवात तिथून झाली.

आज ही सुई गावोगावच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या हातात आहे. गुडघ्यात सुई द्यायची तर रुग्णाला आडवं झोपवून वाटीची बाहेरची कड बोटाने चाचपतात, त्वचेवर खूण करतात, पोव्हिडोन-आयोडीनने जागा दोनदा पुसतात. सुई आत गेली की आधी साचलेलं पाणी ओढून घेतात, आणि ते पाणी पुष्कळ काही सांगतं. निरोगी सांध्याचं पाणी स्वच्छ असतं, दोन बोटांत धरून ताणलं तर तार धरतं. आमवाताचं पाणी पिवळट, गढूळ आणि पातळ, त्याची तार लगेच तुटते. पू असल्याची शंका आली तर स्टिरॉइड द्यायचं नाही, पाणी तपासणीला पाठवायचं. सगळं ठीक असेल तर गुडघ्यात साधारण 40 मिलिग्रॅम ट्रायॅमसिनोलोन किंवा मेथिलप्रेडनिसोलोन सोडतात, बोटाच्या सांध्यात त्याच्या कितीतरी कमी. दोन-तीन दिवसांत सूज उतरते. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढलेली राहते. मनगटासारख्या ठिकाणी औषध वरच्या वर सांडलं तर तिथली कातडी पांढुरकी पडते आणि सावळ्या हातावर तो डाग महिनोन्महिने दिसतो.

पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत गुडघ्यात सुई घेतल्यावर 24 तास पूर्ण विश्रांती घेणाऱ्या रुग्णांना लगेच चालू-फिरू लागलेल्यांपेक्षा अधिक काळ आराम मिळाला. ही विश्रांती फुकटची आहे, पण रोवणीच्या दिवसांत ती सगळ्यात महाग पडते. मजुरी रोजावर, बांधीत पाणी साचलेलं आणि पऱ्हे पिवळे पडायला लागलेले. सुई घेऊन दुसऱ्याच दिवशी बाई चिखलात उतरली, तर तिला दोष कोण देणार?

टिकत का नाही

सांध्यात औषध सोडलं की ते तिथेच राहील, असं वाटतं. तसं होत नाही. सांध्याच्या अस्तराखाली पेशींना अडवून धरणारा पक्का पडदा नसतो, लगेचच रक्तवाहिन्या असतात. दाह असताना त्या आणखी सैल होतात. बांधाला भोक पडलं की बांधीतलं पाणी जसं रातोरात निघून जातं, तसं विरघळलेलं औषध काही तासांत सांध्यातून निसटतं आणि रक्तात मिसळतं. आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट थेट सांध्यात देऊन पाहिलं गेलं तेव्हा हेच आडवं आलं.

स्टिरॉइड टिकतं ते एका युक्तीमुळे. ट्रायॅमसिनोलोन हेक्साअॅसिटोनाइडसारखी औषधं पाण्यात फार कमी विरघळतात. ती बारीक स्फटिकांच्या रूपात टोचली जातात आणि स्फटिक सावकाश विरघळत राहतात. जितकं कमी विरघळणारं तितकं जास्त टिकणारं. हाच धागा पुढे नेऊन शरीरात आपोआप विघटित होणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत औषध भरण्याचे प्रयत्न झाले. असं एक औषध अमेरिकेत ऑक्टोबर 2017 मध्ये मंजूर झालं, पण ते झिजलेल्या गुडघ्यासाठी आहे, आमवातासाठी नाही.

वरून लावायची मलमं आणि जेल यांचाही इथे उल्लेख करायला हवा, कारण दुकानातून सगळ्यात जास्त विकली जातात ती तीच. डायक्लोफिनॅकचं जेल लावलं तर गोळीच्या मानाने जेमतेम सहा टक्के औषध रक्तात पोहोचतं. पोटाच्या दृष्टीने हे चांगलंच. वेदना त्याने काहीशी कमी होते, पण हाड कुरतडणं थांबवण्याची ताकद त्यात नाही.

ट्रॉम्बेचे कण

औषध निसटू नये याचा एक वेगळाच उपाय महाराष्ट्रातच तयार झाला. सुजलेलं अस्तर किरणांनी आतूनच जाळायचं, ही कल्पना 1952 मध्ये व्हिएन्नाचे फेलिंगर आणि श्मिड यांनी वापरली. यासाठी किरणोत्सर्गी द्रव्य फार बारीक असून चालत नाही, ते निसटतं. फार मोठंही चालत नाही, कारण अस्तरातल्या भक्षक पेशींनी ते गिळायला हवं. काही मायक्रॉन आकाराचा कण त्याला लागतो.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनी यासाठी हायड्रॉक्सिअॅपटाइट निवडलं. आपल्या हाडांत असतं तेच हे खनिज, त्यामुळे काम झाल्यावर त्याचं कॅल्शियम आणि फॉस्फेट होऊन शरीरात जिरतं. त्या कणांना त्यांनी ध्रुव अणुभट्टीत तयार केलेलं ल्युटेशियम-177 जोडलं. त्याचं अर्धायुष्य सुमारे साडेसहा दिवसांचं, म्हणजे मुंबईत बनवून देशातल्या दूरच्या रुग्णालयापर्यंत पोहोचवण्याइतका वेळ हाताशी राहतो. परदेशात गुडघ्यासाठी वापरलं जाणारं इट्रियम-90 अडीच-तीन दिवसांतच अर्ध्यावर येतं. ल्युटेशियमच्या बीटा किरणांची धाव ऊतीत दोनएक मिलिमीटरच्या आत संपते, म्हणून खालची कूर्चा बरीचशी वाचते. शिवाय त्यातून थोडे गॅमा किरणही निघतात, त्यामुळे कॅमेऱ्याखाली कण सांध्यातच आहेत की कुठे गळाले, हे दिसतं. देशातल्या काही रुग्णालयांत आमवाताच्या गुडघ्यांवर हे वापरून झालं आहे.

हा उपचार सर्रास करण्यासारखा नाही. अणुवैद्यक विभाग लागतो, सांधा दोन-तीन दिवस बांधून ठेवावा लागतो, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना तो देता येत नाही. बाकी सगळा आजार काबूत आला आणि एखादाच गुडघा हट्टाने सुजत राहिला, तर त्याचं स्थान आहे.

बोस्टनचं जेल

गेल्या दहा वर्षांत विचार आणखी पुढे गेला. आमवात सतत सारखा नसतो, उसळतो आणि बसतो. मग औषधही उसळी आली की सुटावं आणि शांतता असताना थांबून राहावं, असं करता येईल का? बोस्टनमधल्या जेफ्री कार्प यांच्या प्रयोगशाळेने 2018 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये याचं एक उत्तर प्रसिद्ध केलं. त्या कामात पुढे होते नितीन जोशी, पवईच्या आयआयटीत डॉक्टरेट केलेले संशोधक. ट्रायग्लिसेरॉल मोनोस्टिअरेट या द्रव्याचं त्यांनी जेल बनवलं. अमेरिकेत हे द्रव्य खाण्याच्या पदार्थांत वापरायला सुरक्षित मानलं जातं. त्या जेलमध्ये ट्रायॅमसिनोलोन भरलं.

मेख आहे ती जेलच्या रासायनिक बंधांत. दाह असलेल्या सांध्यात काही विकरं वाढलेली असतात, आणि तीच हे बंध कापतात. दाह जास्त तर विकरं जास्त, जेल जास्त तुटतं आणि औषध जास्त सुटतं. दाह बसला की जेल तसंच राहतं. आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातलं पाणी या जेलवर टाकल्यावर ते विरघळू लागलं आणि औषध बाहेर आलं. संधिवात झालेल्या उंदरांच्या पंजात एकदाच टोचलं तरी त्यांची सूज कमी झाली. अशा प्रकारचं जेल आमवातासाठी रोजच्या वापरात अजून आलेलं नाही.

गोंदियाच्या दृष्टीने या कल्पनेचं आकर्षण उघड आहे. एक सुई महिनोन्महिने पुरली, तर अर्जुनी-मोरगाव किंवा सालेकशाच्या आतल्या गावातून शहराच्या खेपा वाचतील, रोज बुडणार नाही. पण त्याआधी गोंदियाच्या मातीतल्या काही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतात.

सुई टोचण्याआधी

पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्यातही सांधे आणि हाडं प्रचंड दुखतात, लहान मुलांचे हात-पाय सुजतात, खुब्याचा गोळा रक्ताअभावी मरतो. सांधा धरला म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला सिकलसेल असू शकतो, आणि सिकलसेल असलेल्याला आमवातही होऊ शकतो. इथे स्टिरॉइड जपून वापरावं लागतं, कारण त्याने सिकलसेलची कळ उसळू शकते. कॅनडातल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये अशीच नोंद प्रसिद्ध केली होती: आमवातासाठी सांध्यात स्टिरॉइड दिल्यानंतर सिकलसेलची कळ उठली. मुंबई-पुण्यात दुर्मीळ म्हणून सोडून देता येईल अशी ही शक्यता देवरी-सालेकशात सोडता येत नाही.

ती टाळायला लागणारी तपासणी साधी आहे. बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणाच्या नळीत टाकायचा आणि नळीमागे रेषा आखलेला कागद धरायचा. रेषा दिसल्या तर ठीक, गढूळ होऊन झाकल्या गेल्या तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करून तो माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक, की ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, हे ठरवायचं. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात दिल्या जाणाऱ्या कार्डावरची दोन अक्षरं सांध्यात सुई टोचणाऱ्याने आधी वाचली पाहिजेत.

दुसरा धोका क्षयाचा. एकच गुडघा किंवा एकच मनगट महिनोन्महिने सुजलेलं असेल, तर क्षय मनात ठेवावा लागतो. त्या सांध्यात स्टिरॉइड गेलं तर क्षयाच्या जंतूंना रान मोकळं मिळतं. टीएनएफ रोखणाऱ्या महागड्या जैविक औषधांनीही दबलेला क्षय जागा होतो, म्हणून ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतातच. तिसरा, चिकुनगुनिया. 2006 च्या साथीनंतर महाराष्ट्राने पाहिलं की ताप गेल्यावरही कित्येकांचे हात अनेक महिने आमवातासारखेच सुजलेले राहतात. चौथा, हत्तीपाय. गोंदिया जिल्ह्यात तोही आढळतो. पायाची सूज सांध्यात आहे की दोन सांध्यांच्या मधल्या मांसात, हे हाताने चाचपून बघायला दोन मिनिटं पुरतात.

सांधा वाचला, आजार उरला

आता मूळ मुद्दा. आमवात हा सांध्यात दिसणारा आजार आहे, सांध्यात राहणारा नव्हे. त्याची सूत्रं रक्तातल्या पेशींकडे असतात. फुप्फुसं, डोळे, हृदय यांच्यावरही तो उतरतो. डॉक्टर या आजाराची मोजणी करतात तेव्हा 28 सांधे तपासतात. इतक्या सांध्यांत पुन्हापुन्हा सुई टोचणं शक्य नाही आणि योग्यही नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत झिजलेल्या गुडघ्यांत दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड दिलेल्यांची कूर्चा दोन वर्षांत जास्त पातळ झाली, आणि वेदनेत मात्र फरक पडला नाही. एका सांध्यात वर्षातून तीन-चारपेक्षा जास्त वेळा सुई देऊ नये, असा डॉक्टरांचा संकेत आहे.

मग सुईचा उपयोग काय? त्याचं चांगलं उत्तर डेन्मार्कमधून आलं. ‘सिमेस्ट्रा’ या चाचणीत नुकताच आमवात जडलेल्या 160 रुग्णांना मेथोट्रेक्सेट दिलं गेलं, आणि जो सांधा सुजेल त्यात बीटामेथासोन टोचलं गेलं. त्यातल्या पुष्कळांचा आजार शांत झाला आणि हाडांचं नुकसान फार थोडं झालं. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवरचा काळ सुईने निभावायचा आणि हाडं वाचवायची. मेथोट्रेक्सेटशिवाय दिलेली सुई मात्र सूज उतरवून रुग्णाला घरी पाठवते, आणि आजार आत आपलं काम करत राहतो. दोन-तीन सुयांनी बरं वाटलं म्हणून ओपीडीकडे फिरकणं बंद झालेला रुग्ण वाकडी बोटं घेऊनच परत येतो. ओळखपाळख नसलेल्या पुड्या आणि काढ्यांत स्टिरॉइड मिसळलं असेल तर त्याचंही हेच. गुण लगेच, निदान उशिरा.

मेथोट्रेक्सेट हे औषध आंध्रच्या भीमावरममध्ये जन्मलेल्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत घडलं. अमेरिकेत ते आमवातासाठी 1988 मध्ये मंजूर झालं. गोळी स्वस्त आहे, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि चुकून रोज घेण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. म्हणून चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढं लिहून भागत नाही, वार लिहावा लागतो. इथल्या बायांच्या डोक्यात आठवडी बाजाराचा दिवस पक्का बसलेला असतो. त्याच दिवसाशी गोळी बांधून टाकली तर चुकणार नाही. फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवशी. यकृत आणि रक्तपेशींची तपासणी ठरल्या वेळी. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगून काही महिने अगोदर औषध बंद करायचं. हे शेवटचं वाक्य तिशीतल्या रुग्ण बाईला पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

काय हाताशी आहे

गोंदियात 2016 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. मेडिसिन आणि अस्थिरोग, दोन्ही विभाग तिथे आहेत. संधिवाताचे खास तज्ज्ञ देशातच थोडे, आणि तेही मोठ्या शहरांत. नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवर आहे आणि 2018 पासून तिथे एम्सही आहे. म्हणजे ट्रॉम्बेचा कण किंवा बोस्टनचं जेल यायचं तेव्हा येईल, आमवाताचा सांधा वाचवण्याचं आजचं ज्ञान मात्र गोंदियापासून फार लांब नाही. सकाळी तासभर हात आखडतो का, दोन्ही हातांचे तेच सांधे सुजलेत का, सहा आठवड्यांहून अधिक दिवस झाले का, हे तीन प्रश्न आशाताईंनाही विचारता येतील. उत्तर ‘हो’ असेल तर रक्ताच्या तपासण्या, त्यात सिकलसेलची एक, मग मेथोट्रेक्सेट, आणि ते लागू पडेपर्यंत सगळ्यात सुजलेल्या सांध्यात एक सुई, बरोबर एका दिवसाची विश्रांती.

क्रम एवढाच आहे, आणि तो उलटला की बिघडतो. बोस्टनचं जेल उद्या औषधाच्या दुकानात आलं, तरी ते या क्रमात सुईच्या जागीच बसेल, मेथोट्रेक्सेटच्या नव्हे. म्हणून नव्या औषधाची वाट बघत बसण्यापेक्षा हा क्रम जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठ करायला लावणं आधी व्हावं. त्याला अणुभट्टी लागत नाही, संशोधनाची प्रयोगशाळाही लागत नाही. पुढची रोवणी येण्याआधी ते करता येण्यासारखं आहे.